हजारात एक म्हणजे किती?

लहान मुलांच्या तापाचं पॅरासिटामॉल साधारण दोन प्रकारच्या बाटल्यांत येतं. एक सिरपची, ६० मिलीची. तिच्यात बहुतेकदा ५ मिलीला १२५ मिलिग्रॅम औषध असतं. दुसरी ड्रॉप्सची, १५ मिलीची. तिच्यात १ मिलीलाच १०० मिलिग्रॅम. आता हिशेब करून बघा. मोठ्या बाटलीत एकूण औषध दीड ग्रॅम. आणि तिच्या पाव आकाराच्या छोट्या बाटलीत? तिथेही दीड ग्रॅमच. छोटी बाटली चौपट तेज आहे. बघणाऱ्याला मात्र ती बाळाची म्हणून सौम्य वाटते.

आठ किलोच्या बाळाला एका वेळी साधारण १२० मिलिग्रॅम पुरतं. सिरपचा एक चमचा दिला की हिशेब जवळपास तंतोतंत जुळतो. पण केसपेपरवर ‘एक चमचा’ लिहिलेलं असताना खिडकीतून ड्रॉप्सची बाटली हातात आली, तर त्याच चमच्यातून ५०० मिलिग्रॅम पोटात जातं. मोठ्या माणसाची अख्खी गोळी. तीन चमच्यांत बाटली रिकामी होते आणि तोवर बाळाच्या अंगात किलोमागे १८७ मिलिग्रॅम औषध गेलेलं असतं. किलोमागे १५० ओलांडले की यकृताची काळजी करायची वेळ येते. सगळी चूक एवढीच, की कपाटातल्या शेजारच्या बाटलीवर हात पडला.

पालघर जिल्ह्यात डहाणू, कासा आणि तलासरी इथल्या सरकारी रुग्णालयांत औषधाची खिडकी ही बहुतेक रुग्णांची शेवटची पायरी असते. सकाळच्या ओपीडीची गर्दी डॉक्टरांच्या दारातून उठते ती थेट या खिडकीवर. आत औषध निर्माण अधिकारी बसलेले असतात. गावात अजून त्यांना कंपाउंडरच म्हणतात. केसपेपर हातात आला की अक्षर लावायचं, पट्टी काढायची, गोळ्या मोजून कात्रीनं कापायच्या, सकाळ-दुपार-रात्र समजावून सांगायचं, नोंद करायची, की पुढचा हात आत आलेलाच असतो. चार तासांत २५० केसपेपर धरले तर एकाच्या वाट्याला मिनिटभरही येत नाही. ५७ सेकंद.

ती कात्रीही जरा निरखून बघण्यासारखी आहे. पट्टी कापली की औषधाचं नाव एका तुकड्यावर राहतं आणि मुदतीची तारीख दुसऱ्यावर. रुग्णाच्या हातात पडतात चार पांढऱ्या गोळ्या आणि अर्धवट नाव. ‘मेट’ एवढीच अक्षरं उरलेला तुकडा मेटफॉर्मिनचा असू शकतो, मेट्रोनिडॅझोलचाही असू शकतो. पहिलं मधुमेहाचं, दुसरं आवेचं. ‘क्लोर’ उरलं तर क्लोरफेनिरामिन म्हणजे सर्दीची गोळी, आणि क्लोरप्रोमाझिन म्हणजे मानसिक आजाराची. डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावं, अशी दुरुस्ती भारतीय वैद्यक परिषदेनं २०१६ सालीच नियमांत केली. अक्षर सुधारलं तरी कात्रीपुढे त्या दुरुस्तीचा इलाज चालत नाही.

इथून आकडे मोठे होत जातात.

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. तेव्हा सरकारनं सांगितलेला आकडा होता २,४१८ आरोग्य संस्था आणि वर्षाला सुमारे २ कोटी ५५ लाख रुग्ण. प्रत्येकाला सरासरी तीन औषधं मिळतात असं मानू या. म्हणजे वर्षाला ७ कोटी ६५ लाख वेळा कुणीतरी कुणाच्या तरी हातात औषध ठेवतो. दर वेळी पाच गोष्टी बरोबर असाव्या लागतात: माणूस, औषध, मात्रा, देण्याचा मार्ग आणि वेळ. हे झाले ३८ कोटी २५ लाख छोटे निर्णय, आणि त्यातले बरेचसे वर सांगितलेल्या ५७ सेकंदांतले.

या ७ कोटी ६५ लाखांपैकी ९९.९ टक्के बरोबर निघाले असं धरू. हजारात फक्त एक चूक. कुठल्याही परीक्षेत, कुठल्याही कारखान्यात या कामाला शाबासकी मिळेल. तरी राज्यात वर्षाला ७६,५०० चुका होतील. रोजच्या २१०.

आता हाच हिशेब दोन तालुक्यांपुरता करू. २०११ च्या जनगणनेत डहाणू तालुक्याची लोकसंख्या ४ लाखांच्या थोडी वर होती आणि तलासरीची दीड लाखाच्या वर. दोन्ही मिळून साडेपाच लाख, म्हणजे राज्याच्या सव्वाअकरा कोटींचा जेमतेम दोनशेवा हिस्सा. चुकाही त्याच प्रमाणात वाटल्या तर या दोन तालुक्यांच्या वाट्याला वर्षाला सुमारे ३८० येतात. रोज एक. आज, उद्या, परवा, दिवाळीत, पावसात, रोज एक. तलासरीत दहातले नऊ लोक आदिवासी आहेत, डहाणूत जवळपास सात, आणि यांतल्या बहुतेकांना सरकारी दवाखान्याशिवाय दुसरं दार नाही. म्हणून खरा वाटा याहून मोठा असण्याचीच शक्यता अधिक.

हजारात एक हा माझा अंदाज आहे आणि तो फार उदार आहे. जिथे कुणीतरी बसून खरोखर मोजलं, तिथले आकडे बघा. अमेरिकेत २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ५० औषध दुकानांत निरीक्षक बसवून ४,४८१ चिठ्ठ्यांवर दिलेलं औषध तपासलं गेलं. ७७ चुका सापडल्या. अचूकता ९८.३ टक्के. संगणक, छापील लेबल, प्रशिक्षित माणसं, सगळं असून रोज २५० चिठ्ठ्या करणाऱ्या दुकानात दिवसाला चार चुका. त्या ७७ पैकी रुग्णाला खरोखर बाधू शकतील अशा पाचच होत्या, हे खरं. पण देशभराचा हिशेब मांडला तेव्हा वर्षाला ५ कोटी १५ लाख चुका भरल्या.

इंग्लंडच्या संशोधकांनी २०१८ मध्ये याहून मोठा हिशेब मांडला. औषध लिहिताना, देताना, पाजताना, टोचताना होणाऱ्या सगळ्या चुका धरून वर्षाला २३ कोटी ७० लाख. तिथली लोकसंख्या साडेपाच कोटींच्या आसपास. माणशी वर्षाला चार चुका. त्यांतल्या ७२ टक्के निरुपद्रवी होत्या, तरी उरलेल्याच ६ कोटी ६० लाख भरतात. सगळ्या जगात औषधांच्या चुकांचा खर्च वर्षाला ४२ अब्ज डॉलर आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. रुपयांत साडेतीन लाख कोटींच्या वर. २०१७ मध्ये बॉनला या संघटनेनं मोहीम जाहीर केली, की औषधांमुळे होणारी टाळण्याजोगी गंभीर इजा पाच वर्षांत निम्म्यावर आणायची. पण निम्मं करायचं म्हटलं तर आधी पूर्ण किती, ते माहीत हवं. आणि प्रत्येक चूक एखाद्याच माणसाला माहीत असते. ज्याच्या हातून झालं, किंवा ज्यानं शेजारी उभं राहून पाहिलं, त्याला.

तो का बोलत नाही?

सप्टेंबर २०२१ मध्ये कळव्याच्या एका महापालिका आरोग्य केंद्रात कोविडची लस घ्यायला आलेल्या माणसाला रेबीजची लस टोचली गेली. कागद न वाचता टोचल्याबद्दल परिचारिका निलंबित झाली. त्याच वर्षी ३१ जानेवारीला, पोलिओ रविवारी, यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात पाच वर्षांखालच्या १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना उलट्या झाल्या, रुग्णालयात न्यावं लागलं, सुदैवानं सगळी बरी झाली. तिघांवर निलंबनाची कारवाई झाली. हलगर्जीपणा माफ करा असं मी म्हणत नाही. आईबापांचा संताप रास्तच होता. पण एकाच केंद्रात दोन वेगवेगळ्या लसींच्या रांगा का होत्या, कोविडच्या त्या दिवसांत प्रत्येक टेबलावर ठेवलेली सॅनिटायझरची बाटली लसीच्या पेटीशेजारी कशी आली, हे प्रश्न निलंबनाच्या आदेशात मावत नाहीत. आदेश निघाला की फाईल बंद होते, आणि टेबलावरची मांडणी दुसऱ्या गावात तशीच राहते.

या दोन बातम्या राज्यभरातल्या हजारो परिचारिका, आशा आणि औषध निर्माण अधिकाऱ्यांनी वाचल्या असणार. वाचून त्यांनी काय धडा घेतला असेल? कागद दोनदा वाचायचा, हा एक. आणि नजरेतून सुटलं तर तोंड उघडायचं नाही, हा दुसरा. दुसरा धडा पहिल्यापेक्षा जास्त खोल जातो. सरकारी नोकरीत ‘कारणे दाखवा’ नोटीस म्हणजे काय, ते घरातल्या पोरांनाही कळतं. ज्या साहेबांकडे चूक सांगायची, तेच साहेब वर्षाच्या शेवटी गोपनीय अहवाल लिहितात. कंत्राटी कर्मचाऱ्याला तर नोटीसही लागत नाही, अकरा महिन्यांचा करार पुढे चालू झाला नाही की झालं.

न बोलण्याचाही आकडा आहे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद किती होते, यावरचे १२ देशांतले ३७ अभ्यास २००६ मध्ये एकत्र तपासले गेले. मधला आकडा निघाला असा, की ९४ टक्के प्रकार कधी कळवलेच जात नाहीत. शंभरातले सहाच कागदावर येतात. आणि हे दुष्परिणामांचं, ज्यात कळवणाऱ्याचा काही दोष नसतो. स्वतःच्या चुकीचं तर याहून अवघड.

हा पेच विमानवाल्यांनी आपल्या आधी सोडवला, आणि त्याची किंमत मोठी मोजून. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए कंपनीचं ५१४ क्रमांकाचं विमान डोंगरावर आदळलं. ९२ माणसं गेली. वैमानिकांनी उतरण्याच्या सूचनेचा अर्थ चुकीचा लावला होता. चौकशीत कळलं, की जेमतेम सहा आठवडे आधी युनायटेड कंपनीच्या वैमानिकांनी नेमका हाच अर्थ लावला होता, त्याच डोंगरापासून ते थोडक्यात वाचले होते, आणि त्यांनी ते सांगितलंही होतं. पण आपल्या कंपनीतच. कंपनीनं आपल्या वैमानिकांना सावध केलं. टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपर्यंत ते पोचलं नाही.

त्यानंतर सरकारी विमान खात्यानं चुका कळवण्याची योजना काढली. वैमानिकांनी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. जो परवाना रद्द करतो त्याच्याच हातात कबुली कोण देईल? मग १९७६ मध्ये हे काम नासाकडे दिलं गेलं. नासाला कुणाचा परवाना काढून घेण्याचा अधिकार नाही. फॉर्मच्या वरच्या भागात कळवणाऱ्याचं नाव-पत्ता असलेली पट्टी असते. काही खुलासा हवा असेल तर तो विचारून झाल्यावर ती पट्टी कापून, त्यावर तारखेचा शिक्का मारून, ज्याची त्याला परत पाठवतात. नासाकडे नाव उरतच नाही. आणि दहा दिवसांच्या आत कळवलं असेल आणि चूक जाणूनबुजून केलेली नसेल, तर ती पट्टी दाखवून दंड टळतो. आजवर १९ लाखांहून अधिक अहवाल तिथे जमा झाले आहेत. एकोणीस लाख वेळा कुणीतरी आपण होऊन सांगितलं, की माझ्याकडून हे चुकलं किंवा चुकता चुकता राहिलं.

इंग्लंडच्या आरोग्यसेवेनं २००३ मध्ये अशीच देशव्यापी नोंद सुरू केली, आणि काही वर्षांनी तिच्यात दर वर्षी २० लाखांहून अधिक घटना येऊ लागल्या. हा आकडा ऐकून आपल्याकडचा एखादा साहेब म्हणेल, केवढा हा गलथानपणा! पण एमी एडमंडसन या संशोधिकेला उलटं दिसलं. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अभ्यासात, रुग्णालयांतल्या ज्या वॉर्डांत परिचारिकांचं आपसात चांगलं जमत होतं, प्रमुख ऐकून घेणारी होती, तिथेच औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या आढळल्या. तिथल्या परिचारिका इतरांपेक्षा बेफिकीर होत्या असं नव्हे. तिथे सांगायची भीती कमी होती. म्हणून ज्या औषध भांडाराच्या चुकांच्या रजिस्टरमध्ये वर्षभर शून्य आहे, त्या शून्यानं निर्धास्त होऊ नये. वर मांडलेल्या हिशेबांमध्ये मला सगळ्यात जास्त धास्ती त्या शून्याची वाटते.

डहाणू-तलासरीत ही धास्ती आणखी वाढते, कारण इथे चूक रुग्णाबरोबर निघून जाते. मुंबईतला रुग्ण गोळीचा रंग बदलला तर दुकानदाराशी भांडतो, मोबाईलवर नाव शोधतो. इथली बाई वारली बोलते, पट्टीवरचं लिखाण इंग्रजीत, आणि पाड्यावर परत जायची जीप सुटायच्या बेतात. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती होळीला परततात. क्षयरोगाचा ४० किलोचा रुग्ण घ्या. ३५ ते ४९ किलोच्या गटात त्याला रोज तीन गोळ्या, ५६ दिवस चार औषधांच्या मिश्रणाच्या, पुढे ११२ दिवस तीन औषधांच्या. एकूण ५०४ गोळ्या. वजन ३४ वर आलं की रोजच्या दोन, ५० वर गेलं की चार. हा हिशेब वीटभट्टीवर कोण तपासणार? सिकलसेलच्या रुग्णाला हायड्रॉक्सीयुरिया देतात. त्याची मात्रा वजनावर ठरते आणि जास्त झाली तर रक्तपेशी घटतात. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या देशाच्या सिकलसेल मोहिमेत ७ कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. तपासणी वाढेल तसे या औषधाचे रुग्ण वाढतील, आणि ते बरेचसे अशाच तालुक्यांतले असतील. अशा ठिकाणी चुकीचं औषध घेतलेला माणूस तक्रार घेऊन परत येईल, हे गृहीतच धरता येत नाही. खिडकीच्या आतला माणूस बोलला नाही तर ती चूक जगात कुठेच उरत नाही.

सुट्या सुट्या चुकांतून काही दिसतही नाही. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेलं निघालं, आणि पुढे न्यायमूर्ती लेंटिन आयोगानं ते प्रकरण उघड्यावर मांडलं. तो प्रकार भेसळीचा होता, खिडकीवरच्या चुकीचा नव्हता. पण मृत्यू ओळीनं मांडून बघेपर्यंत प्रत्येक मृत्यू त्या त्या रुग्णाच्या आजाराच्याच नावावर जाऊ शकला असता. बेरीज केली तरच कारण दिसतं, आणि बेरजेला आकडे लागतात.

आपल्याकडे याची व्यवस्था अगदीच नाही असं नाही. २०१० मध्ये देशाचा औषध सतर्कता कार्यक्रम सुरू झाला, २०११ पासून त्याचं केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे, रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. कर्मचाऱ्यांच्या फॉर्मवर छापलेलं असतं, की कळवणाऱ्याचं नाव गुप्त राहील आणि कळवणं म्हणजे दोषाची कबुली नव्हे. पण तो मुख्यतः दुष्परिणामांसाठी आहे. बाटली चुकली पण खिडकीवरच लक्षात आली, बाळाला काहीच झालं नाही, हे कुणी गाझियाबादला कळवत नाही. आणि खरी शिकवण तर त्यातच असते, कारण ते सांगताना रडणारी आई समोर नसते.

डहाणूत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. ते कुणाचा गोपनीय अहवाल लिहीत नाही, कुणाला निलंबित करत नाही. डहाणू, कासा, तलासरी आणि आसपासच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या औषधांच्या चुका, घडलेल्या आणि घडता घडता राहिलेल्या, अशा एखाद्या बाहेरच्या संस्थेकडे जाव्यात, नावाची पट्टी कापून परत यावी, आणि तीन महिन्यांनी सगळ्या औषध निर्माण अधिकाऱ्यांना एका पानावर कळावं, की या काळात काय काय चुकलं आणि कुठे काय बदललं. असं मला मनापासून वाटतं. जिल्हा शल्य चिकित्सकांनी एका ओळीचं पत्रक काढावं, की आपण होऊन कळवलेल्या चुकीवर नोटीस निघणार नाही. नशेत केलेलं, मुद्दाम केलेलं, लपवलेलं, एवढे अपवाद त्यात असावेत.

सुरुवातीला फार काही येणार नाही. जगाच्या अनुभवाप्रमाणे शंभरातलं सहाच येईल असं धरा. वर्षाच्या ३८० चुकांपैकी २३. महिन्याला दोन. पण त्या २३ मधल्या चार जरी सिरप आणि ड्रॉप्सच्या निघाल्या, तर त्या दोन बाटल्या एका फळीवर ठेवायच्या नाहीत, आणि ड्रॉप्सबरोबर त्याचाच मापाचा ड्रॉपर दिल्याशिवाय बाटली खिडकीबाहेर जाऊ द्यायची नाही, हे दोन्ही तालुक्यांतल्या प्रत्येक भांडारात एकाच आठवड्यात ठरू शकतं. एक फॉर्म भरायला दहा मिनिटं लागतात असं धरलं, तर २३ फॉर्मना २३० मिनिटं. दोन तालुके मिळून वर्षाला चार तासांहूनही कमी.